सकाळी सातचं पाणी

सकाळी सातच्या सुमाराला आमच्या इनलेट चेंबरला, म्हणजे शहराचं मैलापाणी जिथं आत येतं त्या हौदाला, पाणी चढायला लागतं. शहर उठलेलं असतं. संडास, आंघोळी, धुणी, भांडी सगळं एकदम खाली उतरतं आणि बार स्क्रीनवर, म्हणजे कचरा अडवणाऱ्या जाळीवर, येऊन धडकतं. रात्रभर पातळ, करडं वाहणारं पाणी तासाभरात दाट होतं. दोन-अडीच तासांनी जोर ओसरतो. पुण्यातल्या एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर मी 22 वर्षं केमिस्ट आहे. घड्याळ न बघता नुसत्या आवाजावरून मला किती वाजले ते सांगता येतं.

या 22 वर्षांत मी रोज तेच मोजत आलो. पाण्याची आम्लता (पीएच), घाणीला लागणारा ऑक्सिजन (बीओडी, सीओडी), न विरघळलेले कण (टीएसएस). किती घाण आली, किती काढली, नदीत सोडताना किती उरली. रजिस्टरच्या रजिस्टरं भरली. त्या पाण्यात माणसांच्या तब्येतीची बातमी वाहत असते, हे मला 2021 पर्यंत सुचलंही नव्हतं.

त्या वर्षी एका संशोधन संस्थेची दोन मुलं करोनाचे नमुने घ्यायला येऊ लागली. दोरी बांधलेली बादली खाली सोडायची, ती आधी त्याच पाण्यानं विसळायची, मग लिटरभर पाणी बाटलीत भरायचं. बाटली बाहेरून पुसायची, एकात एक अशा दोन पिशव्यांत घालायची, आइस पॅक लावलेल्या डब्यात ठेवायची. दहा मिनिटांचं काम. त्यातल्या मुलीनं पहिल्याच दिवशी मला विचारलं, "सर, तुमच्याकडे किती लोकांचं पाणी येतं?"

मला दिवसाला किती दशलक्ष लिटर येतं ते तोंडपाठ होतं. किती लोकांचं, ते सांगता येईना. इतकी वर्षं मी पाणी मोजलं, माणसं मोजली नव्हती.

तिच्याकडूनच मी शिकलो की करोनाच्या विषाणूचे अंश शौचातूनही बाहेर पडतात. ज्याला खोकला नाही, ताप नाही, जो टेस्ट करायला कधी जाणारच नाही, त्याचेही अंश पाण्यात येतात. दवाखान्यातले आकडे टेस्ट किती झाल्या यावर अवलंबून असतात. पाण्याचं तसं नाही, संडासला सगळेच जातात.

मी शंका काढली, "पाऊस पडला की आमच्याकडे पाणी दुप्पट होतं. मग तुमचा आकडा निम्म्यावर नाही का येणार?" तेव्हा तिनं मिरचीची गोष्ट सांगितली. मिरचीच्या झाडावर पडणारा एक विषाणू आहे, पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. मिरची खाल्ली की तोही पोटात जातो. आपल्याला काही करत नाही आणि स्वतःही न मरता बाहेर पडतो. जगभर या कामात त्याचाच माप म्हणून उपयोग करतात. पावसानं पाणी वाढलं तर मिरचीचा विषाणूही तितकाच पातळ होतो, म्हणून रोगाच्या विषाणूचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. आमच्या शहरात तरी हे माप कधी कमी पडायचं नाही. खर्डा, ठेचा, मिसळ यांची अशी गाठ आपल्या कामाशी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. मला ही युक्ती फार आवडली आणि मी ती घरी सगळ्यांना सांगितली.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो, आणि वाचता वाचता पोलिओपाशी येऊन थांबलो. थांबलो, कारण माझ्या आक्काला पोलिओ आहे.

ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. आमचं गाव कराड तालुक्यात. 1973 साली, दोन वर्षांची असताना तिला ताप आला. आईनं तिला कडेवर घेऊन बाजाराच्या गावी डॉक्टरकडे नेलं. त्यानं इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी ताप उतरला आणि उजवा पाय लुळा पडला. आई शेवटपर्यंत एकच सांगायची, "सुई मारली आन् माझ्या पोरीचा पाय गेला." आणि त्याला जोडून हळूच, "मीच न्हेली की तिला."

मी थोडा शिकल्यावर आईशी वाद घालायचो, की पोलिओ विषाणूनं होतो, सुईनं नाही. पुढे कळलं की आईचं अगदीच चूक नव्हतं. पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं तर त्याच हातापायाला लकवा येण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. साध्या तापाला सुई टोचायची पद्धत तेव्हा गावोगाव होती. सुईनं पोलिओ आणला नव्हता, पण पाय जाण्यात तिचा वाटा असू शकतो. मला हे कळलं तेव्हा आई नव्हती. तिच्याशी घातलेला तो वाद अजून मनात सलतो.

तर पोलिओबद्दल वाचताना मला मुंबईची गोष्ट सापडली. पोलिओसाठी सांडपाणी तपासायला भारतात 2001 मध्ये सुरुवात झाली, ती मुंबईत. परळला हाफकिनच्या आवारात तेव्हा एन्टरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं. धारावी, वडाळा अशा वस्त्यांतलं पाणी तिथं तपासायला जायचं. पोलिओचा ज्याला संसर्ग होतो, त्या साधारण दोनशेंमध्ये एखाद्याचाच पाय किंवा हात जातो. बाकीच्यांना बारीक ताप येतो, किंवा तेवढंही नाही. पण विषाणू या सगळ्यांच्या शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणजे लुळा पडलेला पाय ही त्या वस्तीतली सगळ्यात शेवटची बातमी असते. पहिली बातमी गटारात आलेली असते.

ही बातमी वाचायची रीतही बघण्यासारखी आहे. अर्धा लिटर मैलापाण्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि डेक्स्ट्रान ही दोन रसायनं मीठ घालून मिसळायची आणि सगळं सेपरेटिंग फनेलमध्ये, म्हणजे तळाला तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात, रात्रभर थंडीत ठेवायचं. सकाळी दोन थर दिसतात. विषाणू तळाच्या छोट्या थरात आणि दोन्ही थर जिथं भेटतात तिथं गोळा होतात. तेवढंच काढून जिवंत पेशींवर घालायचं. यातल्या एका जातीच्या पेशींना एल20बी म्हणतात. त्या मूळ उंदराच्या. उंदराला पोलिओ सहसा होत नाही, कारण त्याच्या पेशीत शिरायला या विषाणूला दारच नसतं. शास्त्रज्ञांनी माणसाच्या पेशीचं ते दार उंदराच्या पेशीला बसवलं. आता सांडपाण्यातल्या बाकीच्या गर्दीतून पोलिओचा विषाणू तेवढा नेमका आत शिरतो, आणि पेशी गोल होऊन सुटायला लागल्या की तो आल्याचं कळतं. सेपरेटिंग फनेल मी कॉलेजपासून हाताळलं आहे. त्याच्या तळाशी असं काही सापडू शकतं, हे वाचताना अंगावर काटा आला.

मुंबईत पोलिओचा एकही रुग्ण दिसत नसताना पाण्यात विषाणू सापडल्याचे प्रसंग आहेत. त्याची जनुकीय ओळख काढली की तो उत्तर प्रदेशातल्या किंवा बिहारमधल्या विषाणूंच्या घराण्यातला निघायचा. कामाला येणारी माणसं, सुट्टीला गावी जाऊन परतणारी कुटुंबं, त्यांच्याबरोबर तोही गाडीतून यायचा. यात त्या माणसांचा काय दोष? त्यांच्या लेकरांपर्यंत डोस पुरेसे पोचले नव्हते, एवढंच ते पाणी सांगत होतं. देशातल्या सांडपाण्यात मूळ जंगली पोलिओ विषाणू शेवटचा सापडला तो नोव्हेंबर 2010 मध्ये, मुंबईतच. शेवटचा रुग्ण म्हणजे हावड्याची एक लहान मुलगी. तिला लकवा आला 13 जानेवारी 2011 ला. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. मी त्या दिवशी ड्यूटीवर होतो. बातमी ऐकून आक्काला फोन केला, तर ती म्हणाली, "बरं झालं बाबा."

त्यानंतरही पाणी तपासणं थांबलेलं नाही, आणि थांबू नये. 2016 च्या मे महिन्यात हैदराबादला अंबरपेठच्या नाल्यातून घेतलेल्या नमुन्यात तोंडावाटे द्यायच्या लसीतल्या अशक्त विषाणूपासूनच बदलत गेलेला पोलिओचा टाइप 2 विषाणू मिळाला. एकही मूल लुळं पडलेलं नव्हतं. जूनमध्ये मोहीम काढून हैदराबाद आणि रंगारेड्डीतल्या 3 लाखांवर मुलांना इंजेक्शनची लस दिली गेली. याच्या नेमकं उलटं 2022 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड परगण्यात झालं. तिथं लस न घेतलेला एक तरुण आधी लुळा पडला. मग करोनासाठी जपून ठेवलेले सांडपाण्याचे जुने नमुने काढून बघितले, तर विषाणू त्याच्या आधीपासून पाण्यात होता. नमुने होते, पण ते पोलिओसाठी कुणी बघितले नव्हते.

हे वाचल्यापासून मला आमच्या प्रयोगशाळेतला फ्रीज डोळ्यांसमोर येतो. साधा घरगुती फ्रीज, बीओडीच्या बाटल्या आणि रसायनं ठेवायचा. पुण्यात करोनाच्या काळात या विषयावर चांगलं काम झालं, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या (एनसीएल) संस्थांनी महापालिकेच्या केंद्रांवरचे नमुने तपासले. आमच्याकडे येणारी ती दोन मुलं मात्र पुढे येईनाशी झाली. प्रकल्पाची मुदत संपली असं कळलं. आमचा माणूस तर रोज सकाळी नमुना काढतोच. त्यातलं आणखी लिटरभर आठवड्यातून एकदा काढून गोठवून ठेवणं आणि तपासणं, हे कुठल्याही साथीची वाट न बघता चालू असायला हवं, असं मी वरिष्ठांना लेखी दिलं आहे. पुन्हा देईन.

साथीच्या काळात लोकांच्या दारावर पाट्या लागल्या, गल्ल्यांच्या तोंडाला पत्रे ठोकले. माणसं आजार लपवायला लागली. पाणी कुणाचं नाव विचारत नाही. अमुक भागात विषाणू वाढतोय, एवढंच ते सांगतं, आणि आरोग्य खात्याला हालचाल करायला तेवढं पुरतं. मला यात मोठा दिलासा वाटतो.

पण एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. आमच्या गावाला गटार नाही. घराघराला शोषखड्डा आहे, नाहीतर सेप्टिक टँक. वाहून एका ठिकाणी येणारं पाणीच नाही, तर बादली सोडायची कुठं? आक्का आज दोन वर्षांची असती, तरी तिच्या गल्लीची बातमी माझ्या असल्या कुठल्याच चेंबरला आली नसती. तिथं अजूनही आशाताईंची घरोघरची फेरी, वेळेवरचे डोस आणि लुळेपणा दिसला की लगेच होणारी शौचाची तपासणी, हाच आधार आहे.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आक्का ब्लाउज शिवत बसली होती. आयुष्यभर एका पायानं मशीन मारलं तिनं. आता मोटर बसवली आहे. मी तिला हे सगळं सांगितलं, मिरचीपासून फनेलपर्यंत. ती ऐकत होती, हात चालू होते. दोनशेंचा हिशेब सांगितल्यावर तिनं मोटर बंद केली.

"म्हंजी मला झाल्ता तवा आपल्या आळीत दुसऱ्यांलाबी झाल्ता?"

"झाला असणार. पण त्यांना कळलंच नसेल."

ती बोटं मोजायला लागली. कमळ. तिचा भाऊ. कुंभाराचा नाना. सुताराच्या दोघी. सगळे एका आडाचं पाणी प्यायलेले, एकाच अंगणात रांगलेले. कमळ पुढे शाळेत लंगडीत पहिली यायची, हेही तिला आठवलं.

"त्या समद्यांलाबी आल्ता व्हय," ती म्हणाली. जरा वेळ बाहेर आळीकडे बघत राहिली. "न्हाई झालं त्यांस्नी काय, ते लई बरं झालं."

मग मला म्हणाली, "ती बाही दे हिकडं," आणि मोटर चालू केली.