तीन गोष्टी सोडून सगळ्याला हात

गेल्या डिसेंबरपासून महिन्यातला एक रविवार आम्ही कर्नाळ्याच्या अभयारण्यात घालवतो. पनवेलपासून जेमतेम 12 किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच. किल्ल्याचा सुळका रस्त्यावरूनच दिसतो, पण तिथवर आम्ही अजून गेलेलो नाही. थोरली सहा वर्षांची, धाकटा साडेतीनचा. अडीच तासांत अर्धा किलोमीटर चालणं होतं आणि मला तेवढं भरपूर वाटतं.

पहिल्या खेपेला मात्र माझा जप चालू होता. हात लावू नकोस, उचलू नकोस, तोंडात घालू नकोस. तरी व्हायचं ते झालंच. एका वेलीवर सोनेरी, मखमली, जराशा वळलेल्या शेंगांचे घोस लोंबत होते. थोरलीनं एक मुठीत धरून कुरवाळली. खाजकुइली! हे नाव लहानपणापासून ऐकलेलं, पण समोर आली तेव्हा मला ओळखता आली नाही. पोर रडून लाल झाली. मी रुमालानं पुसायला गेले तर कुसं मनगटापर्यंत पसरली. तिला कडेवर घेऊन गेटकडे धावले. बाहेर एक आजी बोरं विकत बसल्या होत्या.

"चोलू नको गं बाय, चिखल लाव."

बाटलीतलं पाणी मातीत ओतून त्यांनीच दोन्ही हातांवर जाड लेप थापला, वाळू दिला आणि खपली काढावी तसा अलगद सोलला. कुसं मातीबरोबर निघाली. मग पुन्हा एक लेप. अर्ध्या तासानं पोरगी बोरं मागायला लागली.

मलाच जंगल ओळखता येत नव्हतं, म्हणून मी सरसकट सगळ्यालाच नको म्हणत होते. आता बंदी तीनच गोष्टींना: खाजकुइली, लाल मुंग्यांची पानं जोडून केलेली घरटी आणि गुंज. काळ्या ठिपक्याची ती लालचुटूक बी पोरांना हमखास तोंडात घालावीशी वाटते, आणि ती विषारी असते. तिन्ही गोष्टी दोघंही आता दुरून ओळखतात. दगड मात्र उलटायचा तो मोठ्यांनीच, तोही काठीनं. बाकी सगळं त्यांचं.

धाकट्याचा जीव सागाच्या पानांवर. पावसाळा सरता सरता अळ्या पानाचा हिरवा भाग खाऊन टाकतात आणि शिरा तेवढ्या ठेवतात. परातीएवढ्या पानाची नुसती जाळी उरते. ती तो तोंडावर धरतो नि उन्हाकडे बघतो. गालावर, पापण्यांवर उन्हाचे बारीक चौकोन पडतात. "आई, मी दिसतो का?" नाही म्हणायचं असतं. ऑगस्टमध्ये त्यानं सागाचं कोवळं पान चुरगाळलं तर तळवे लालभडक झाले. घाबरून माझ्याकडे आला. मीही एक पान चुरगाळून माझे हात दाखवले, तेव्हा कुठे हसला.

परवाच्या रविवारी थोरलीनं एकदम माझा हात घट्ट दाबला. वर फांदीवर काळा कुळकुळीत भृंगराज बसला होता. शेपटीतून निघालेल्या दोन लांब काड्या, टोकाला पिसांचे दोन गोंडे. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे. तो उडाला, तसे ते गोंडे त्याच्या मागून गिरक्या घेत गेले.

"आई," धाकटा कुजबुजला, "त्याच्या मागे दोन भुंगे लागलेत. त्याला सांग ना, पळ म्हणून."