रोज किती पानं?

मुलीला इंग्रजी वाचायला शिकवताना वर्कबुकाची रोज किती पानं घेतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेक दिवशी शून्य, कधी एक, परवा एकदम चार. हे उत्तर कुणालाच आवडत नाही. 'नक्की आकडा सांगा हो, वेळापत्रक करायचंय,' असं लगेच येतं. आकडा माझ्याकडेही होता. रोज पाच पानं.

मुलगी तेव्हा पाच वर्षांची. फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याच्या, पहिल्या वर्कबुकात नेहमीचीच सहा अक्षरं: एस, ए, टी, पी, आय, एन. एवढ्यांत सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन असे बरेच शब्द बसतात, म्हणून पुष्कळ पुस्तकं तिथूनच सुरू होतात. भिंतीवर तक्ता लावला. पाच पानं झाली की एक चांदणी. साठ पानं, बारा चांदण्या. त्या तक्त्याचा फोटो मी किती जणांना पाठवला ते विचारू नका. तुमच्यापैकीही काहींकडे असेल.

तेराव्या दिवशी सहज एका कोऱ्या कागदावर 'नॅप' लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने कागद उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाली, "चित्र कुठंय?"

साठ पानं ती चित्रं वाचत होती. झोपलेलं मांजर म्हणजे नॅप.

मी तिथेच थांबायला हवं होतं. उलट वर्कबुक काढलं, पहिलं पान उघडलं, चित्रावर तळहात ठेवला आणि म्हणालो, वाच. ती माझं एकेक बोट हळूच उचलून बघायची. आधी मला हसू आलं, मग यायचं थांबलं. तिने 'न', 'अॅ', 'प' असं म्हणून जोडलं, तर झालं 'नअॅपअ'. तो कुठला शब्द असणार? आणि हे मीच शिकवलेलं. आपल्या तोंडात न, प येतात ते 'अ' चिकटवूनच. पाय मोडलेला न्, पाय मोडलेला प् तिच्या कानावर मी कधी घातलाच नव्हता. हे सगळं मला नंतर सुचलं. त्या संध्याकाळी मी फक्त हात आणखी घट्ट दाबला. शेवटी ती म्हणाली, "बाबा, हात काढ ना, मी नाही बघत," आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "पिन." पुढचा शब्द होता टिन. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिणार नाही.

पुढे दोन महिने ते वर्कबुक दिसलं की तिला तहान लागायची.

मग पुस्तक बाजूलाच ठेवलं. नुसतं तोंडी. मी म्हणायचं 'प्… इ… न्', तिने शब्द ओळखायचा, मग उलट. दहा मिनिटं, फार तर. आता एखाद्या पानावरचे शब्द तिने कोऱ्या कागदावर, चित्राशिवाय वाचले तरच ते पान उघडतो. बी आणि डीपाशी तीन आठवडे अडलो, एक पान नाही. परवा 'टॅप'च्या शेवटी ई लावला की 'टेप' होतो हे तिला कळलं आणि चार पानं तिनेच ओढून घेतली. आता यातून सरासरी काढायची असेल तर काढा.

पाच पानंवाला मी अजून अधूनमधून भांडायला येतो. रोज ठरल्या वेळी बसायची सवय त्या तक्त्यानेच लावली ना? लावली. पेन्सिल धरायचा हात त्याच साठ पानांनी वळला ना? वळला. आणि 'आज ती तयार नाही' म्हणतोस तेव्हा खरं कोण दमलेलं असतं? याचं उत्तर मी त्याला देत नाही. तुम्हाला सांगतो, निम्म्या वेळा मीच. चांदण्या होत्या तेव्हा निदान टाळाटाळ लपत नव्हती.

ती आता लहान लहान वाक्यं वाचते. शेजारी चित्र असलं की आधी स्वतःच त्यावर तळहात ठेवते. 'काढ गं हात, बघ की चित्र,' मी म्हणतो. काढत नाही.