टॅलिनचा धंदा बुडवायला वसवलेलं हेलसिंकी

हेलसिंकी, म्हणजे फिनलंडची राजधानी, हे शहर मुळात टॅलिनचा (आताची एस्टोनियाची राजधानी) धंदा बुडवायला वसवलं गेलं, हे कुठेतरी वाचलं आणि तेव्हाच ठरवलं की बघायची तर दोन्ही शहरं एकाच ट्रिपमध्ये बघायची.

झालं असं, १५५० साली फिनलंड स्वीडनच्या ताब्यात होता आणि समोरच्या काठावरचं टॅलिन, तेव्हाचं नाव रेव्हाल, हॅन्सा व्यापाऱ्यांच्या संघात असल्यामुळे रशियाशी चालणाऱ्या व्यापारावर गब्बर झालेलं. स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याला ते बघवेना. त्याने फिनलंडमधल्या चार गावांतल्या व्यापाऱ्यांना हुकूमच सोडला, बाडबिस्तरा उचला आणि वांता नदीच्या मुखाशी नवीन गावात राहायला जा. लोक गेले पण रडतखडत, व्यापार काही जमेना, आणि त्यावर कडी म्हणजे १५६१ मध्ये टॅलिनच स्वीडनकडे आलं! ज्याच्याशी स्पर्धा करायची तेच घरचं झालं, मग हेलसिंकीकडे कोण बघतंय. १६४० मध्ये अख्खं गाव समुद्राच्या बाजूला सरकवलं तरी कितीतरी वर्षं ते लहानसंच राहिलं.

दोन्हींच्या मध्ये फिनलंडचं आखात, जेमतेम ८० किमी, फेरीने साधारण दोन तास. टॅलिन जवळ आलं की आधी सेंट ओलाफ चर्चचा १२४ मीटरचा मनोरा दिसतो, मग टूम्पेआ टेकडी. ही टेकडी चुनखडीची, आणि जुन्या शहराची तटबंदी, बुरूज, घरं सगळं त्याच करड्या दगडातलं. १२१९ मध्ये डॅनिश राजाने ही टेकडी घेतली, मग जर्मन सरदार, स्वीडिश, रशियन असे मालक बदलत गेले, पण खाली बाजारात सत्ता चालायची ती जर्मन बोलणाऱ्या व्यापाऱ्यांची. टाऊन हॉल १४०४ चा आहे आणि समोरच्या फार्मसीची नोंद १४२२ पासून सापडते, ती अजून चालू आहे, मी आत जाऊन आलो, औषधं आजचीच मिळतात.

हेलसिंकीत याच्या उलट. तिथे ग्रॅनाइट. जवळपास दोन अब्ज वर्षांचा खडक दोन बिल्डिंगच्या मधून, बागेतून, ट्रामच्या कडेला असा कुठूनही डोकं वर काढतो. टेम्पेलिआउकियो चर्च (१९६९) तर खडक फोडून आतच बांधलंय, वर फक्त तांब्याचा घुमट. मला ते फोटोत बंकरसारखं वाटलं होतं, आत मात्र काचेतून उजेड येतो आणि बाहेर पडावंसं वाटत नाही.

हेलसिंकीचं नशीब उघडलं ते रशियामुळे. १८०९ मध्ये फिनलंड झारकडे गेला आणि १८१२ मध्ये राजधानी तुर्कूहून इथे हलवली, कारण तुर्कू स्वीडनच्या फारच जवळ आणि हेलसिंकी रशियाच्या तेव्हाच्या राजधानीला, पीटर्सबर्गला, सोयीचं. गाव १८०८ मध्ये बरंचसं जळालेलं, म्हणजे आर्किटेक्टला कोरी पाटी. तो आर्किटेक्ट कोण, तर कार्ल लुडविग एंगेल, बर्लिनचा माणूस, जो याआधी टॅलिनमध्ये शहराचा आर्किटेक्ट होता! सिनेट चौक, पांढरं कॅथेड्रल सगळं त्याचंच डिझाइन, पण कॅथेड्रल १८५२ मध्ये पूर्ण झालं तेव्हा तो हयात नव्हता. चौकात झार अलेक्झांडर दुसरा याचा पुतळा आहे, १९१७ ला स्वतंत्र होऊनही फिनिश लोकांनी तो काढला नाही, हे मला भारी वाटलं.

विसाव्या शतकात मात्र वाटा वेगळ्या झाल्या. १९४४ च्या फेब्रुवारीत हेलसिंकीवर आणि मार्चमध्ये टॅलिनवर सोव्हिएत बॉम्ब पडले, पण युद्धानंतर फिनलंड स्वतंत्र राहिला आणि एस्टोनिया १९९१ पर्यंत सोव्हिएत युनियनमध्ये अडकला. त्या काळात टॅलिनमध्ये लोक अँटेना लावून फिनिश टीव्ही बघायचे, आखातापलीकडची दुकानं, जाहिराती सगळं दिसायचं. १९७२ मध्ये उघडलेलं विरू हॉटेल परदेशी पाहुण्यांसाठी होतं, त्यात फिनिश जास्त, लिफ्टमध्ये बटणं २२ पर्यंतच आणि २३ व्या मजल्यावर केजीबी, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्था. आता तिथे म्युझियम आहे, गाईडचे किस्से ऐकायलाच जा.

आता उलटी गंगा, फिनलंडमध्ये दारूवर जबर टॅक्स म्हणून फिनिश लोक रिकाम्या ट्रॉल्या घेऊन फेरीत चढतात आणि बिअरचे खोके भरून परत येतात, बोटीवर हे दृश्य चुकवूच नका. तिकडून एस्टोनियन लोक कामासाठी हेलसिंकीला.

मला विचाराल तर टॅलिनची दिवसभराची रिटर्न ट्रिप करू नका, दुपारी क्रूझवाल्यांच्या गर्दीत जुनं शहर वैताग आणतं, संध्याकाळी ते बोटींवर परतले की गल्ल्या मोकळ्या होतात, तिथे रात्र काढाच. आणि हेलसिंकीत सुओमेन्लिनाला अर्धा दिवस ठेवा, १७४८ पासून स्वीडनने बांधलेला बेटांवरचा किल्ला, जो १८०८ मध्ये फारसा न लढताच रशियाला दिला गेला. तिथे जाणाऱ्या फेरीला ट्राम-बसचंच तिकीट चालतं, वेगळं काढायला लागत नाही.