आरएसीचं तिकीट आणि महालक्ष्मी एक्सप्रेस

मे महिना, कोल्हापुरात लग्न, आणि महालक्ष्मीची वेटिंग लिस्ट पुढे सरकायचं नाव घेईना. चार्ट लागला तेव्हा वेटिंगचं आरएसी झालं. घरचे म्हणाले, कॅन्सल कर आणि एसटीने जा. पण आरएसी म्हणजे बसायला जागा नक्की. वेटिंगच राहिलं असतं तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द झालं असतं. अर्ध्या बर्थला भाडं मात्र पूर्ण घेतात, ते काही मला पटत नाही.

स्लीपरमध्ये आरएसी म्हणजे साइड लोअर, एका बर्थवर दोघं. माझ्या वाट्याला आल्या हातकणंगल्याच्या एक मावशी. समोरासमोरच्या दोन सीटच्या पाठी खाली पाडल्या की बर्थ होते, पण मधल्या जोडावर नेमकी कंबर येते. मावशींनी पिशवीतून सोलापुरी चादर काढली, चौघडी करून त्या फटीवर अंथरली आणि म्हणाल्या, "पाय लांब कर की गं, लाजतीस कशाला?" मग त्यांचं डोकं खिडकीच्या एका कडेला, माझं दुसऱ्या. गुडघे एकमेकींना लागत होते, पण पाठ टेकली.

टीसी आल्या आल्या आजूबाजूचे सगळे त्याच्यामागे लागले. त्यावेळी काही हाती लागत नाही. कल्याणपर्यंत माणसं चढतच असतात, त्यामुळे कोण आलंच नाही हे त्यालाही ठाऊक नसतं. गैरहजर माणसाची त्याने टॅबवर नोंद केली की ती बर्थ आरएसीवाल्यांना नंबराप्रमाणे मिळते. मी फक्त आमचा सीट नंबर सांगून ठेवला. "पुणं सुटू द्या, मग बघतो," म्हणाला.

कर्जतला घाट चढायला मागून बँकर इंजिनं लावतात. भोर घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट आहे, एकट्या इंजिनाचं ते काम नव्हे. तेवढ्या वेळात वडापाव होतो. मावशींनी पैसे देऊ दिले नाहीत, वर घरची शेंगदाण्याची चटणी काढली. त्या चटणीपुढे वडा फिका पडला.

घाटात मात्र साइड लोअरची खिडकी लावून घ्यावी, मे महिना असला तरी. स्लीपरमध्ये चादर-उशी मिळत नाही.

पुणं सुटल्यावर टीसी खरंच आला. पुण्याहून चढणारं कुणीतरी आलं नव्हतं, शेजारच्याच डब्यात अप्पर बर्थ मोकळी होती. नंबर माझा आला. मावशींचे गुडघे दुखरे, त्यांना वर चढणं जमलंच नसतं, त्यामुळे मी उठले आणि त्यांना अख्खी साइड लोअर मिळाली. दोघींचंही भलं झालं. पंख्याजवळ चपला ठेवून मी जी झोपले ती मिरजेला चहावाल्यांच्या ओरड्यानेच उठले. खाली येऊन मावशींना हातकणंगल्याला पिशव्या उतरवून दिल्या. "आता लगीन कर," एवढाच आशीर्वाद मिळाला.

परतीचं तिकीट कन्फर्म होतं, मिडल बर्थ. खालच्या बर्थवरचे काका भडंग खात राजकारणावर बोलत बसले होते. दहानंतर मिडल बर्थ उघडता येते हा नियम मी त्यांना दोनदा सांगितला. अकरा वाजता ते म्हणाले, "अहो ताई, एवढ्या लवकर झोपता?"