छातीत न दुखणारा हृदयविकार

आज दुपारी थोरल्या बहिणीला घेऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेले होते. तिच्या छातीत कळ नव्हतीच. खालचा जबडा ठणकत होता, दोन्ही खांद्यांच्या मधली पाठ भरून आली होती, मळमळत होते आणि एरवी जिना चढल्यावर लागणारी धाप नुसते बसूनही लागत होती. पहिला ईसीजी सामान्य आला, तेव्हा पित्ताच्या गोळ्या लिहून देऊन घरी पाठवण्याची तयारी सुरू झाली. त्यावर ताईने आवाज न चढवता विचारले, "ट्रोपोनिन तपासले का, आणि पुन्हा कधी तपासणार?"

प्रश्न नेमका होता, कारण हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तातील ट्रोपोनिन या प्रथिनाची पातळी वाढायला काही तास लागू शकतात आणि एका सामान्य ईसीजीवरून झटका आलाच नाही, असे म्हणता येत नाही. विशेषतः स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात छातीत न दुखता केवळ धाप, घाम किंवा विलक्षण थकवा एवढेच जाणवू शकते.

लक्षणे कधी सुरू झाली, श्रमाने वाढतात का, कोणती औषधे चालू आहेत, हे तिने कागदावर लिहून नेले होते. ('गॅस झाला असेल' म्हणणाऱ्या नातेवाइकांपेक्षा तो कागद फार उपयोगी पडला.) दुसऱ्या तपासणीत ट्रोपोनिन वाढलेले निघाले आणि तिला लगेच दाखल करून घेतले.

अँजिओग्राफी उद्या आहे. मोठ्या धमन्या मोकळ्या दिसल्या, तरी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार असू शकतो, म्हणून त्याबद्दलही ती डॉक्टरांना विचारणार आहे.