तुम्ही विचारलंत म्हणून: घरासकट चिखलदरा

मागे झोपायला फळी, चहापुरता ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेली आमची ट्रॅव्हलर घेऊन आम्ही नवरा-बायको गडचिरोलीपासून लोणारपर्यंत विदर्भ फिरलो. तेव्हापासून जो भेटतो तो हेच विचारतो: एवढी मोठी गाडी चिखलदऱ्याच्या घाटात कशाला घातली? परतवाड्यात लावून जीपने वर गेलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी म्हणतो, न्यावीच. जीप तुम्हाला चिखलदऱ्याला पोचवते, पण बघण्यासारखा आहे तो घाट.

जिथून एसटी जाते तिथून आपली गाडी जाते, एवढा हिशेब मला पुरतो. परतवाड्याहून वर जायला दोन वाटा आहेत, एक धामणगाव गढी-मोथ्यावरून आणि दुसरी घटांगवरून. चढताना मी घटांगची धरतो. तो धारणीकडे जाणारा रस्ता, ट्रकांच्या आणि बसच्या सवयीचा. घटांगला तो सोडून सलोन्याकडून चिखलदऱ्याला वळायचं. डिझेल, गॅस, किराणा, सगळं परतवाड्यातच घ्यावं. पाण्याची टाकी एक तर काठोकाठ भरावी, नाही तर रिकामी ठेवावी. अर्ध्या टाकीतलं पाणी प्रत्येक वळणावर एका अंगाला धावतं आणि गाडी कलते. उन्हाळ्यात वर पाण्याची ओढ असते, तेव्हा भरूनच न्यावी. सिलिंडरची चावी बंद, जड सामान खाली, कपाटांना कड्या.

मग दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश. मेळघाटचं जंगल सागाचं आहे, आणि साग घाईच्या माणसाला काही दाखवत नाही. पावसाळ्यात त्याच्या शेंड्यांवर पांढरट मोहोर येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळून रस्त्यावर पसरतात, चाकाखाली पापडासारखी मोडतात, आणि उघड्या पडलेल्या डोंगरात पळस फुललेला दूरवरून दिसतो. पुढे मोहाचे दिवस येतात. पहाटे निघालात तर झाडाखाली वाकून फुलं वेचणाऱ्या बाया दिसतील. एकदा रुंद जागा बघून चहाला थांबलो होतो, तर टोपली डोक्यावर घेतलेली एक आजी ओट्याकडे बघून म्हणाली, "चूल बी संगंच हाय का बाई तुही?" बायकोने तिला चहा दिला. तिने ओंजळभर मोह आमच्या ताटलीत ओतला. फिकट पिवळी, गरदार, दवाने ओली फुलं. दिवसभर गाडीत तोच गोड, आंबूस वास होता.

वाटेतली कोरकू आदिवासींची गावं बघा. मधून रस्ता आणि दोन्हीकडे समोरासमोर घरांच्या सरळ रांगा, सारवलेल्या भिंती. होळी हा कोरकूंचा मोठा सण. त्या दिवसांत मुलं-बायका रस्त्यावर गाडी अडवून नाचतात, फगवा मागतात. सुटे पैसे हाताशी ठेवा आणि काच खाली घ्या. काही लोक हॉर्न वाजवत निघून जातात, ते मला अजिबात आवडत नाही. रस्ता त्यांच्या गावातून जातो.

चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर आहे. भीमकुंड, देवी पॉइंट, कॉफीची झाडं, हे सगळे सांगतातच. मी गाविलगडावर जास्त वेळ घालवतो. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रजांची एक फौज याच डोंगरांतून वळसा घालून गडाच्या उत्तरेला आली. वाट नव्हती, ती सैन्याने स्वतः केली, आणि जड तोफा बहुतेक अंतर हातांनी ओढत आणल्या. 15 डिसेंबरला गड पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेलं. गाडी चढताना इंजिन कण्हतं तेव्हा मला त्या तोफा ओढणारे हात आठवतात. इतिहासात त्यांची नावं नाहीत.

उतरताना मोथ्याची वाट घ्या. मोथा गवळ्यांचं गाव, तिथला खवा घेतल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. पुढच्या वळणांवर खाली वऱ्हाडाचं मैदान उघडतं, पार संत्र्याच्या बागांपर्यंत. पण चालवणाऱ्याने तेव्हा रस्त्याकडेच बघावं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. जड गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली की लायनर तापतात, जळका वास येतो, आणि मग ब्रेक धरत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे आणि शहाणपणही.

फक्त एका दिवसांत मी नाही म्हणतो, ऐन पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं असं उतरतं की बॉनेटपुढचं दिसत नाही. तेव्हा दिवे लावून पुढे रेटू नका. पहिली रुंद जागा मिळाली की रस्त्याबाहेर गाडी घ्या, पार्किंगचे दिवे लावा, चहा ठेवा. घर सोबतच आहे, सकाळपर्यंतही थांबता येतं.