रेमेडीच्या धाग्यांची वही: 'मॅक्स पेन'पासून 'कंट्रोल'पर्यंत

'कंट्रोल' आणि त्याचे दोन्ही डीएलसी (नंतर जोडलेले भाग) संपले. रेमेडीचे गेम प्रकाशनाच्या क्रमाने पुन्हा खेळायचे आणि एका गेममधून दुसऱ्यात शिरणारा प्रत्येक धागा वहीत उतरवायचा, हे काम मी हाती घेतलंय. त्यातला मोठा टप्पा आता मागे पडला. उरलेत 'ॲलन वेक २' आणि 'एफबीसी: फायरब्रेक'. हे बहुतेक गेम मी पूर्वी एकदा खेळलोय, त्यामुळे खाली पुढच्या गेममधले तपशीलही येतील. 'ॲलन वेक २' ज्यांनी अजून राखून ठेवलाय त्यांनी आधी तो खेळून घ्यावा आणि मग हे वाचावं, ही मनापासून विनंती.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: रेमेडी हा फिनलंडमधला, हेलसिंकीशेजारच्या एस्पो शहरातला स्टुडिओ. स्थापना १९९५. सॅम लेक हा त्यांचा लेखक आणि या सगळ्या जाळ्यामागचं डोकं. एकमेकांत गुंतलेल्या या जगाला ते 'रेमेडी कनेक्टेड युनिव्हर्स' म्हणतात.

वहीत तीन रंग ठेवलेत. हिरवा म्हणजे कथेतलाच दुवा, दोन गेमचं जग खरोखर एक असल्याचा पुरावा. व्हॉल्व या गेम कंपनीचं 'बोरियालिस' जहाज आठवा. 'हाफ-लाइफ २: एपिसोड टू'मध्ये (२००७) त्याचं नाव निघतं आणि 'पोर्टल २'मध्ये (२०११) ॲपर्चर या गेममधल्या कंपनीच्या तळघरातल्या रिकाम्या गोदीत त्याच नावाचं लाइफबॉय टांगलेलं सापडतं. पिवळा म्हणजे नुसती परंपरा. 'फायनल फँटसी'मध्ये दुसऱ्या भागापासून सिड नावाचा कोणी ना कोणी भेटत राहतो, बहुतेकदा विमानाशी किंवा यंत्राशी संबंध असलेला, पण माणूस दर वेळी वेगळा. तिसरा रंग लाल. एखादी गोष्ट उघड दिसते आहे, पण तिचं नाव घेतलेलं नाही, अशा नोंदी लाल शाईत. सुरुवातीला वाटलं होतं की लाल शाई फारशी लागणार नाही. आता वही उघडली की आधी लालच दिसतं, आणि माझ्या मते रेमेडीचं सगळ्यात चांगलं काम त्याच नोंदींत आहे.

त्याचं कारण हक्कांत आहे. 'मॅक्स पेन' आला २००१ मध्ये. पुढच्याच वर्षी त्याचे हक्क टेक-टू या प्रकाशक कंपनीकडे गेले. 'क्वांटम ब्रेक'चे हक्क मायक्रोसॉफ्टकडे आहेत. 'ॲलन वेक'चे प्रकाशनाचे हक्क रेमेडीच्या हाती आले ते २०१९ मध्ये. म्हणजे आपणच घडवलेल्या पात्रांची नावं घेण्याची या लेखकाला परवानगी नाही. जुन्या घरांत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, पण 'इकडून निरोप आलाय' एवढं म्हटलं की कोणाबद्दल चाललंय ते अख्ख्या घराला कळायचं. रेमेडीचं मॅक्सबद्दल तसंच आहे.

आता वहीतल्या नोंदी.

'मॅक्स पेन'चं जग एकत्रित विश्वात अधिकृतपणे धरत नाहीत, पण वही तिथूनच सुरू करावी लागते. पहिल्या गेममध्ये मॅक्सला, म्हणजे न्यूयॉर्कच्या डिटेक्टिव्हला, चेहरा सॅम लेकचा आणि आवाज जेम्स मॅकॅफ्रीचा. कॉमिकसारख्या कथापानांसाठी स्टुडिओतली आणि ओळखीची माणसंच उभी राहिली, लेकची आईसुद्धा. दुसऱ्या गेममध्ये (२००३) चेहरा बदलला, आवाज तोच राहिला. या वेळी मी जास्त थांबलो ते नॉर्स पुराणांपाशी. वाल्किर नावाचं ड्रग, ते ज्यातून आलं तो व्हालहाला प्रकल्प, रॅग्नारॉक नावाचा नाइटक्लब, एसिर कॉर्पोरेशन. पहिल्यांदा खेळताना ही नावं कानाला भारी लागतात एवढंच. पण 'ॲलन वेक'मध्ये टोर आणि ओडिन हे म्हातारे रॉकस्टार भेटतात, त्यांच्या बँडचं नाव 'ओल्ड गॉड्स ऑफ ॲसगार्ड', आणि 'ॲलन वेक २'मध्ये वृद्धाश्रमाच्या दारावर पाटी असते 'व्हालहाला'. बावीस वर्षांच्या अंतराने तेच नाव. कथेचा पुरावा नाही, म्हणून पिवळा रंग. पण एकाच माणसाच्या डोक्यातून हे सगळं आलंय हे इथे स्वच्छ कळतं.

'मॅक्स पेन २'मध्ये टीव्हीसमोर प्रत्येक वेळी थांबा. 'ॲड्रेस अननोन' या मालिकेत एक माणूस आहे आणि त्याचाच जुळा भासावा असा खुनी, जॉन मिरा. शहर न्यूयॉर्कसारखं, पण न्यूयॉर्क नव्हे. आता लेखक ॲलन वेक आणि त्याच्यासारखाच दिसणारा स्क्रॅच आठवा, आणि वेक ज्यात अडकून पडतो त्या 'डार्क प्लेस' नावाच्या अंधाऱ्या जगातलं ते ओलं, रिकामं न्यूयॉर्क. मला तर 'ॲड्रेस अननोन' ही 'ॲलन वेक २'ची पहिली रूपरेषाच वाटते. हे माझं वाचन आहे, म्हणून लाल रंग.

'ॲलन वेक' (२०१०) मूळ आवृत्तीत खेळलो, ज्यात टॉर्चमध्ये एनर्जायझरच्या बॅटऱ्या घालाव्या लागतात. २०२१ च्या रीमास्टरमधून त्या जाहिराती गेल्या, पण त्यात क्यूआर कोडची भर पडली आणि ते थेट पुढच्या गेमकडे बोट दाखवतात. ते तपासायला रीमास्टर वेगळा चाळला. कॉफीचे शंभर थर्मास गोळा करण्याचा मोह या वेळी टाळला. हस्तलिखिताची पानं मात्र एकही सोडायची नाही असं ठरवलं होतं, कारण या गेमचा जीव त्यांच्यातच आहे.

इथली मोठी नोंद ॲलेक्स केसीची. वेक हा रहस्यकथांचा लेखक, आणि केसी त्याच्या कादंबऱ्यांतला न्यूयॉर्कचा डिटेक्टिव्ह. कथा सुरू होते तेव्हा ताज्या पुस्तकात वेकने केसीला मारून टाकलेलं असतं, आणि त्यानंतर त्याला एक ओळ लिहिता येत नाही. केसीच्या पुस्तकातलं एक पान ऐकायला मिळतं. आवाज कोणाचा? जेम्स मॅकॅफ्रीचा. वाक्यरचना तीच, उपमा त्याच, तोच थकलेला सूर. आपला डिटेक्टिव्ह दुसऱ्याच्या हवाली केलेल्या स्टुडिओने पुढचा गेम काढला तो आपला डिटेक्टिव्ह संपवलेल्या आणि त्यापायी अडकून पडलेल्या लेखकावर. नाव न घेता याहून सरळ काय सांगणार?

'अमेरिकन नाइटमेअर' (२०१२) पटकन उरकला. खेळायला मजा आहे, पण वहीसाठी एवढंच महत्त्वाचं की अख्खा गेम 'नाइट स्प्रिंग्ज' या, पहिल्या गेममधल्या टीव्हीवर दिसणाऱ्या मालिकेचा भाग म्हणून मांडलाय. ही मालिका पुढे फार कामाला येते.

'क्वांटम ब्रेक' (२०१६) बरेच जण गाळतात. गाळू नका. कथा मला आजही थोडी कोरडी वाटते, पण एका टीव्हीवर खऱ्या माणसांवर चित्रित केलेला छोटा ट्रेलर लागतो, त्यात एफबीआय एजंट ॲलेक्स केसी ब्राइट फॉल्सला, म्हणजे 'ॲलन वेक' घडतो त्या गावी येतो, आणि केसीच्या भूमिकेत आहे सॅम लेक. सात वर्षांनी 'ॲलन वेक २'मध्ये केसी याच चेहऱ्याने येतो आणि आवाज मॅकॅफ्रीचा असतो. म्हणजे २००१ मधली जोडी, चेहरा लेकचा आणि आवाज मॅकॅफ्रीचा, २०२३ मध्ये पुन्हा एका शरीरात. त्या ऑक्टोबरमध्ये गेम आला आणि डिसेंबरमध्ये मॅकॅफ्री गेले. हे ठाऊक असताना केसीचं साधं बोलणंही कानात वेगळं उतरतं.

'क्वांटम ब्रेक'ची माणसंही पुढे चालत जातात. बेथ वाइल्डर झालेली कोर्टनी होप 'कंट्रोल'ची नायिका जेसी फेडन होते. नायक जॅक जॉइस झालेला शॉन ॲशमोर 'ॲलन वेक २'मध्ये शेरीफ म्हणून भेटतो, आणि शेरीफचं नाव टिम ब्रेकर. हा शेरीफ ज्या डोअर नावाच्या गूढ माणसाच्या मागे आहे तो 'क्वांटम ब्रेक'मधल्या मार्टिन हॅचची आठवण करून देतो. हॅच झालेले लान्स रेडिक मार्च २०२३ मध्ये वारले, डोअरची भूमिका डेव्हिड हेअरवुडने केली. २०२४ च्या 'नाइट स्प्रिंग्ज' डीएलसीतला तिसरा भाग तर सरळ 'टाइम ब्रेकर' या नावाने, अनेक विश्वांतून भटकणारा. 'क्वांटम ब्रेक' हे दोन शब्द कुठेही नाहीत. सगळं लाल शाईत, आणि सगळं लख्ख.

आता नुकताच संपवलेला 'कंट्रोल' (२०१९). न्यूयॉर्कमधली ओल्डेस्ट हाउस ही इमारत, त्यात फेडरल ब्युरो ऑफ कंट्रोल ही अनैसर्गिक घटनांचा तपास करणारी गुप्त सरकारी संस्था, आणि भिंतींवर, टेबलांवर, खोक्यांत पसरलेली शेकडो कागदपत्रं. या वेळी सबटायटल चालू, हेडफोन कानात, आणि प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत. माजी संचालक ट्रेंचचा हॉटलाइनवरचा आवाज ऐकताच ओळखाल: पुन्हा मॅकॅफ्री.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जेसीच्या थेरपीच्या नोंदीवर. पहिल्या 'ॲलन वेक'मध्ये थॉमस झेन हा कवी. कॉल्ड्रन लेकच्या तळाशी गेलेला, पाणबुड्याच्या पोशाखातून प्रकाश फेकणारा. 'कंट्रोल'मध्ये जेसी थेरपिस्टला झेनच्या कवितेबद्दल सांगते, आणि थेरपिस्टचं उत्तर असं की या नावाचा कवी सापडत नाही, सापडतो तो साठच्या दशकात युरोपातून अमेरिकेत आलेला एक चित्रपट दिग्दर्शक. पहिल्या खेपेला मी हा कागद वाचून पुढे गेलो होतो, बहुतेक सगळेच गेले असतील. चार वर्षांनी 'ॲलन वेक २'मध्ये टॉम झेन खरोखर दिग्दर्शक म्हणून समोर येतो, आणि त्याचा फिनिश भाषेतला अख्खा लघुपट गेममधल्या थिएटरात बसून बघता येतो. कवी होता हे जेसीला आठवतं, जगाला आठवत नाही. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी वास्तवच पुन्हा लिहून ठेवलंय. दुवा जोडता जोडता त्या दुव्यालाच भुताटकी लावायची, हे मी दुसऱ्या कुठल्या गेम-विश्वात पाहिलेलं नाही. नोंद हिरवी, आणि दोनदा अधोरेखित.

सफाई कामगार आह्टीसाठी स्वतंत्र पान काढलंय. नाव फिनिश समुद्रदेवाचं, भूमिका मार्टी सुओसालोची. 'कंट्रोल'मध्ये तो फिनिश टँगो ऐकत फरशी पुसतो आणि ॲशट्रे मेझ हा भूलभुलैया पार करायला जेसीला आपला वॉकमन देतो. त्यात वाजणारं 'टेक कंट्रोल' हे गाणं 'ओल्ड गॉड्स ऑफ ॲसगार्ड'चं. 'ॲलन वेक २'मध्ये हाच आह्टी वॉटरी गावात कराओकेला उभा राहतो आणि 'यॉटॉन यॉ' गातो. झेनच्या लघुपटाचं नावही तेच. मेझमध्ये आवाज पूर्ण वाढवा, बाकी काही सांगत नाही.

'एडब्ल्यूई' डीएलसी ऑगस्ट २०२०चा, म्हणजे 'ॲलन वेक'चे हक्क हाती आल्यावर साधारण वर्षभराने. शाईचा रंग इथे एकदम बदलतो. ब्राइट फॉल्स, वेक, पहिल्या 'ॲलन वेक'मधला मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर हार्टमन, सगळी नावं मोठ्याने घेतली जातात. खेळण्याची पद्धतसुद्धा उसनी आणलीय. हार्टमन अंधारात राक्षस होऊन फिरतो, दिवे लावले की मागे सरतो, आणि जेसीला दिवा हवेत उचलून अंधाराची जळमटं जाळावी लागतात. टॉर्च घेऊन जंगलात फिरलेल्या हातांना हे आपोआप जमतं. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, कथा म्हणून मला 'एडब्ल्यूई' मूळ 'कंट्रोल'पेक्षा उणा वाटला. सगळं उघड बोलता येऊ लागलं आणि वाचायला कमी उरलं. थेरपीच्या एका कागदात जे आहे ते इथल्या संपूर्ण विभागात नाही.

पुढचा बेत असा. 'ॲलन वेक २' त्यातल्या दुसऱ्या मुख्य पात्राच्या, एफबीआय एजंट सागाच्या, बाजूने सुरू करणार आणि वेकची प्रकरणं शक्य तितकी शेवटी ठेवणार, म्हणजे दोन्हींतल्या नोंदी वेगळ्या राहतील. मग 'नाइट स्प्रिंग्ज' आणि 'लेक हाउस'. दुसऱ्यात ब्युरोचंच केंद्र तळ्याकाठी आहे, त्यामुळे हिरवी शाई भरून ठेवलीय. 'मॅक्स पेन'च्या पहिल्या दोन गेमचे रीमेक रेमेडी रॉकस्टार या गेम कंपनीसाठी बनवतंय, हे २०२२ मध्येच जाहीर झालं होतं. ते आले की वहीची पहिली पानं पुन्हा तपासेन, विशेषतः टीव्ही.

कोणाकडे 'क्वांटम ब्रेक'च्या विद्यापीठातल्या फळ्यांचे आणि भित्तिपत्रकांचे स्वच्छ स्क्रीनशॉट असतील तर द्या. माझे अंधारे आलेत आणि एका फळ्यावरच्या शेवटच्या दोन ओळी अजून लागलेल्या नाहीत.